बड्समधून जवारी ऐकू येते का?

सांगली-मिरजेत राहणाऱ्या माणसाने चांगला आवाज कसा असतो हे इअरबड्सच्या खोक्यावर वाचून ठरवावे, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. मिरजेची सतारमेकर गल्ली आमच्यापासून शहर बसच्या अंतरावर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकापासून तानपुरे आणि सतारी घडत आल्या आहेत आणि २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये ते गेल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचे दफन झाले, आणि तिथे उरुसाच्या वेळी होणारे गाणे ऐकायला आमच्याकडची साधी माणसे रात्र रात्र बसतात. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर उभे राहून छातीत घुमणारा बेस अनुभवणारी तरुण मंडळीही याच गावची आहेत. म्हणजे बारकावा आणि दणका दोन्ही ओळखणारे कान इथे आहेत. तरीही हरभट रोडच्या बाजूला एखाद्या मोबाइलच्या दुकानात जाऊन उभे राहिले, की 'तेरा एमएमचा ड्रायव्हर', 'पन्नास तास प्लेबॅक' आणि 'डीप बेस' एवढ्यावर व्यवहार उरकलेला दिसतो. आवाजाबद्दल कोणी काही विचारत नाही, आणि विचारले तरी कानात घालायची वस्तू दुकानदार सहसा उघडून ऐकवत नाही.

माझा भाचा कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला आहे आणि महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने पुण्याला जातो. "मामा, दोन हजारांत कुठले बड घेऊ?" असे त्याने विचारले तेव्हा मी त्यालाच विचारले, की तू काय ऐकतोस, कुठे बसून ऐकतोस आणि फोनवर किती बोलतोस. "बड घ्यायचेत, कर्ज नाही काढायचे," असे तो म्हणाला. पण हे प्रश्न टाळता येत नाहीत, कारण किमतीतले किती पैसे आवाजाला लागले आणि किती बाकीच्या सोयींना गेले, हे त्यांच्या उत्तरांवाचून ठरत नाही. दोन हजारांच्या बिनवायरच्या बड्समध्ये आवाज काढणाऱ्या दोन ड्रायव्हरांखेरीज दोन्ही कानांत एकेक बॅटरी असते, एकेक ब्लूटूथची चिप असते, माइक असतात, बोटाने चालणारी बटणे असतात, शिवाय चार्जिंगची डबी आणि त्या डबीचीही स्वतःची बॅटरी असते. त्याच दोन हजारांच्या वायरवाल्या इअरफोनमध्ये ड्रायव्हर, त्याचे कवच आणि वायर एवढेच असते. कारखानदाराने आवाजावर कुठे जास्त खर्च केला असेल, हे ओळखायला ध्वनिशास्त्र शिकावे लागत नाही.

किंमत वाढली की आवाज सुधारतो, ही समजूत मात्र इतकी सरळ राहिलेली नाही. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापे आणि त्यांच्या किमती समोरासमोर ठेवून पाहिल्या. कुठल्या उंचीचा स्वर किती जोरात ऐकू येतो याची जी ठेवण प्रत्येक हेडफोनला असते, तिचा आणि किमतीचा काही संबंध त्यात आढळला नाही. टिकाऊपणा, बांधणी, कानात बसण्यातला आराम हे सगळे किमतीबरोबर वाढत असेलही. पण आवाजाची ठेवण हा मुख्यतः जुळवणीचा भाग आहे आणि नीट जुळवणी करायला महाग माल लागतोच असे नाही.

ही ठेवण कशी असावी, याचा विचार कानाच्या रचनेपासून सुरू होतो. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि उघड्या कानात तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर तिच्यामुळे आपोआप वाढून पडद्यापर्यंत पोहोचतात. जन्मापासून आपण जग असेच ऐकतो. कानात रबरी बोंडी बसवली, की नळीचे तोंड बंद होते आणि ही नैसर्गिक वाढ नाहीशी होते. म्हणून ती इअरफोन बनवणाऱ्याने परत भरून द्यावी लागते. कमी दिली तर गायक पडद्यामागे बसून गातो आहे असे वाटते, आणि जास्त दिली तर हार्मोनियम टोचायला लागते, स्त्रीच्या आवाजातली तार सप्तकातली जागा नकोशी होते. अमेरिकेतल्या हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांना कोणता हेडफोन ऐकतो आहोत हे कळू न देता तुलना करायला लावल्या आणि बहुतेकांना आवडणारी एक सरासरी ठेवण काढली. त्यात खालच्या स्वरांना थोडा उठाव असतो, तीन हजारांच्या आसपास तो नळीचा उंचवटा असतो आणि पुढे उतार असतो. काहींना खर्ज त्याहून जास्त हवा असतो, काहींना कमी. पण आवडीनिवडी आपण समजतो तितक्या विखुरलेल्या नसतात. गेल्या काही वर्षांत स्वस्त इअरफोन एकदम सुधारले, त्याचे एक मोठे कारण हे आहे, की ही ठेवण आता कोणालाही पाहून नक्कल करता येते.

ड्रायव्हरच्या आकाराचे तेवढे सांगून टाकतो. दहा एमएमपेक्षा तेरा एमएमचा चांगला, हे खोक्यावरचे गणित आहे. सहा एमएमचा ड्रायव्हर कानाच्या बंद नळीत हवा तेवढा खर्ज देऊ शकतो आणि तेरा एमएमचा ड्रायव्हर नुसता धबधबा करू शकतो.

मी स्वतः इअरफोन पारखायला तानपुऱ्याची ध्वनिमुद्रणे वापरतो, आणि त्याला कारण मिरज आहे. तिथल्या एका कारागिराकडे जवारी काढताना, म्हणजे तारेचा स्वर फुलावा म्हणून घोडी घासून जुळवताना, मी पुष्कळदा बसलो आहे. तार उतरवायची, घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने इतका हलका घासायचा की भुकटीसुद्धा नीट दिसू नये, तार परत चढवायची, तिच्याखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि छेडून मान तिरकी करून ऐकत राहायचे. दोरा केसभर पुढेमागे झाला तरी आवाज बदलतो. एकदा मला वाटले झाले, आणि मी म्हणालो, "चाचा, आता बरोबर आहे की." त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितले, "अजून बंद आहे." पुन्हा तार उतरली, पुन्हा कानस फिरली, आणि नंतर जो आवाज आला त्यात तार छेडून झाल्यावरही स्वर फुलत राहिला. खुल्या जवारीचा तो आवाज एकदा कानात बसला, की कुठलाही इअरफोन तो किती लपवतो आणि किती वाढवून सांगतो, हे कळायला वेळ लागत नाही.

त्याचे शास्त्रही सोपे आहे. काळी एकच्या पट्टीत मिळवलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला कंप पावते. त्या तारेतून तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे स्वर एकाच वेळी निघत असतात आणि पाचव्या पटीला, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या आसपास, गंधार ऐकू येतो. तानपुऱ्याची एकही तार गंधारात मिळवलेली नसते. म्हणूनच गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. जवारीमुळे त्याहीवरच्या पटी, काही हजार हर्ट्झपर्यंत, झळकत राहतात. म्हणजे एका वाद्याच्या चार तारांत ऐकण्याच्या पट्ट्याचा बराच मोठा भाग सलग भरलेला असतो. खर्जाची तार छेडल्यावर घुमारा बाकीच्या तारांवर पसरून बसला, तर त्या इअरफोनचा बेस गरजेपेक्षा जास्त आहे. गंधार शोधावा लागला, तर त्याच घुमाऱ्याने मधला भाग झाकला आहे. जवारीची झळक वाळू घासल्यासारखी कोरडी लागली, तर वरच्या स्वरांत कुठेतरी अनावश्यक टोक आहे. जोडीच्या दोन तारा वेगवेगळ्या ओळखू आल्या, तर मी पुढे तबला लावतो आणि डग्ग्याची मींड व चाटीचा, म्हणजे तबल्याच्या काठाचा, टणत्कार ऐकतो. हे सगळे झाल्यावर भाच्याच्या आवडीचे ढोल-ताशाचे किंवा डीजेचे काही लावायलाही माझी हरकत नसते. तिथेही चांगला इअरफोन ढोलाचा ठोका आणि त्याची घुमी वेगळी दाखवतो.

या कसोटीवर किमतीचे टप्पे लावून पाहिले, की चित्र बरेच वेगळे दिसते. पाचशे रुपयांच्या आत हातगाडीवर मिळणारे, नामांकित कंपनीच्या डबीची हुबेहूब नक्कल केलेले 'फर्स्ट कॉपी' बड्स मी कोणालाही घेऊ देत नाही. त्यांतली बॅटरी कुठली आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. एवढ्याच पैशांत मिळणारी साधी वायरची हँड्सफ्री बोलायला आणि बातम्या ऐकायला पुष्कळ बरी. हजार ते दोन हजारांतल्या बिनवायरच्या बड्सची गोष्ट निराळी आहे. ते वाईट नसतात. मिसळीवर तर्री सोडावी तसा त्यांत खाली बेस आणि वर झणझणीतपणा सोडलेला असतो आणि पहिल्या घासाला तो फार आवडतो. दोन तास ऐकले, की गाणाऱ्याचा आवाज मागे पडलेला लक्षात येतो आणि कान थकतात. ज्याला गाडीच्या प्रवासात गाणी लावून खिडकीबाहेर बघायचे आहे, त्याने ते खुशाल घ्यावेत.

खरी गंमत दीड ते अडीच हजारांच्या वायरवाल्या इअरफोनमध्ये आहे आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. मूनड्रॉप, ट्रुथिअर, सेव्हन हर्ट्झ, केझेड या चिनी नावांची आपल्याकडे जाहिरात फारशी होत नाही, मोबाइलच्या दुकानात ती टांगलेलीही नसतात, आणि म्हणून त्यांच्याबद्दल संशय घेतला जातो. पण वर सांगितलेली ठेवण या किमतीत ज्या काटेकोरपणाने दिली जाते, ती पाहून मला आपल्या जुन्या हिशोबांची फेरतपासणी करावीशी वाटली. याच गटातल्या चांगल्या इअरफोनांवर खर्जाची तार सुटी ऐकू येते, स्वयंभू गंधार न शोधता सापडतो आणि गवयाचा श्वासही कळतो. या नावांखाली सगळेच चांगले निघते असे मात्र नाही. काही जोड्यांत वरचे स्वर इतके धारदार असतात, की झांजा नकोशा होतात, त्यामुळे नाव बघून नव्हे तर त्या त्या जोडीची मोजमापे बघून घ्यावे. यांतल्या पुष्कळांची वायर काढून बदलता येते, ही मला आवाजाइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण आपल्याकडे इअरफोन मरतो तो बहुतेक वेळा वायर तुटून.

अडचण आहे ती फोनची. २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७ मधून साडेतीन एमएमचे भोक काढून टाकले आणि पुढे बाकीच्या कंपन्यांनीही तीच वाट धरली. त्यामुळे आता टाईप-सीचा डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात बसणारा छोटा जोड, घ्यावा लागतो आणि तो घेताना आत डीएसी, म्हणजे फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप, आहे ना, हे विचारून घ्यावे लागते, कारण काही स्वस्त डोंगलांमध्ये नुसत्या तारा जोडलेल्या असतात आणि पुष्कळ फोनांवर त्यांतून आवाजच येत नाही. चांगल्या डोंगलाला साधारण हजार रुपये पडतात. अवघड यंत्रे लावण्याची गरज नाही. हे इअरफोन फोनच्या ताकदीवर सहज वाजतात.

तीन ते सहा हजारांच्या बिनवायरच्या बड्समध्ये दोन गोष्टी मिळतात, एक म्हणजे कामचलाऊ ते बऱ्यापैकी एएनसी आणि दुसरी म्हणजे अ‍ॅपमधला इक्वलायझर. दुसरीचे मोल लोकांना कळत नाही. कंपनीने सोडलेली तर्री या इक्वलायझरने काढून टाकता येते. खालचा भाग दोन-तीन खुणांनी उतरवला, की झाकलेला गंधार वर येतो. एएनसीबाबत मात्र खोक्यावरची अक्षरे नीट वाचावीत. स्वस्त बड्सवर मोठ्या अक्षरांत ईएनसी लिहिलेले असते आणि घेणाऱ्याला वाटते बाहेरचा गोंगाट बंद होणार. ईएनसी आपल्या माइकसाठी असते. आपण बोलतो तेव्हा पलीकडच्या माणसाला मागचा गलका कमी ऐकू यावा एवढेच ती करते. आपल्या कानातला गोंगाट कमी करते ती एएनसी. तीही सगळा गोंगाट घालवत नाही. एसटीच्या इंजिनाची सलग घरघर ती छान गिळते, कारण खालचे, संथ स्वर उलटवून मारणे सोपे असते; पण कंडक्टरची घंटा, शेजारच्याचे मोबाइलवरचे भांडण आणि हॉर्न तिला फारसे दाद देत नाहीत. ते अडवायचे काम कानात नीट बसलेली बोंडीच करते.

त्या बोंडीकडे मला पुन्हा यावेच लागेल, कारण आवाजाच्या निम्म्या तक्रारी तिथे संपतात. भाच्याने मित्राचे बड्स आणून मला दाखवले होते आणि ते अगदी पोकळ, पत्र्यासारखे वाजत होते. खोक्यातल्या पिशवीत लहान-मोठ्या बोंड्या तशाच सीलबंद होत्या. मधली काढून मोठी लावली, कानाचा वरचा भाग दुसऱ्या हाताने किंचित ओढून बड आत फिरवून बसवला, आणि बेस एकदम हजर झाला. फट राहिली की खालचे स्वर त्या फटीतून निघून जातात. दोनशे रुपयांचा इअरफोन असो की वीस हजारांचा, या नियमाला अपवाद नाही. दोन कानांच्या नळ्याही सारख्या नसतात, तेव्हा डाव्याला मधली आणि उजव्याला मोठी लागली तर त्यात वावगे काही नाही. एका बाजूचा आवाज काही महिन्यांनी बसला, तर आधी जाळीत कानातला मळ अडकला आहे का ते पाहावे.

वीस-पंचवीस हजारांचे सोनी किंवा अ‍ॅपलचे बड्स मी ऐकले आहेत आणि त्यांची निंदा मला करवणार नाही. गर्दीत त्यांची एएनसी खरोखर वेगळ्या दर्जाची वाटते, फोनवर बोलणे स्वच्छ होते, कानात तासन्‌तास जड होत नाहीत. ज्याचे दिवसाचे चार तास कॉलवर जातात, त्याचे पैसे वसूल होतात. फक्त हे पैसे चांगल्या गाण्यासाठी दिले असे त्याने म्हणू नये. शांत खोलीत तानपुरा लावला तर दोन हजारांचा वायरवाला त्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो. शिवाय बडमधली चिमुकली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि ती बदलणे घरगुती काम नव्हे. कोडेकची, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज आक्रसून पाठवण्याच्या पद्धतींची, चर्चाही मला अशीच वाजवीपेक्षा मोठी झालेली वाटते. सोनीचे एलडीएसी हे कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जाते हे खरे, पण स्टँडवरच्या गर्दीत जोडणी टिकवायला फोन बहुधा तो आकडा खाली आणतो, आणि आयफोन तर एएसी आणि एसबीसी या दोनच कोडेकवर चालतो. ठेवण बिघडलेली असेल, तर ती कुठल्याही कोडेकने सुधारत नाही.

जुने गाणे ऐकणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना करावीशी वाटते. १९२५ मध्ये विजेच्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू झाले, त्याआधी गायक कर्ण्यात तोंड घालून गात आणि त्या तबकड्यांत अगदी खालचे व अगदी वरचे स्वर उतरलेलेच नाहीत. पुढच्या तबकड्यांतही वरच्या भागात गाण्यापेक्षा सुईची खरखर जास्त असते. अशा मुद्रणांना 'तपशील दाखवणारा' महागडा इअरफोन लावला, तर तो इमानदारीने खरखरीचा तपशील दाखवतो. अब्दुल करीम खाँसाहेबांचा तो नाजूक, तारेसारखा सरळ स्वर ऐकायला वरचा भाग सौम्य असलेला इअरफोन घ्यावा. तो हजार-दीड हजारांतही सापडतो.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवणे फार महत्त्वाचे आहे. दोनांपैकी जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो, आणि दुकानातला मुलगा नेमका महाग जोडीचा आवाज चढवून देतो. तो मुद्दाम करतो असे नाही, पण करतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. डेसिबल वाढतील तसे तास झपाट्याने कमी होत जातात. बोंडी नीट बसली असेल तर आवाज कमी ठेवूनही सगळे ऐकू येते, आणि मिरवणुकीच्या दिवसांत कानांना आधीच बरीच ओव्हरटाइम झालेली असते.

भाच्याने शेवटी अठराशेचा वायरवाला इअरफोन आणि एक डोंगल घेतला आणि कॉलसाठी जुना नेकबँड तसाच ठेवला. एसटीत तो वायरवालाच लावतो. इंजिनाची घरघर थोडी ऐकू येते, पण त्याची त्याला तक्रार नाही. त्याच्यासाठी मागवताना मी वडिलांसाठीही तसाच एक घेतला. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, या वयात वरचे स्वर कानातून निघून गेलेले असतात आणि बोटाने टिचकी मारून नाटकातले पद पुढे-मागे करणे त्यांना जमत नाही. एकदा कानातून निसटलेला बड आम्ही पलंगाखाली टॉर्च लावून शोधत होतो. वायर असली की फोन उचलला तरी इअरफोन बरोबर येतो. फोमच्या बोंड्या त्यांना रुतत नाहीत, दुपारी ते नाट्यसंगीत ऐकतात आणि ऑर्गनचा स्वर आता स्वच्छ येतो म्हणतात. फोन टीपॉयवर आणि आरामखुर्ची खिडकीपाशी, एवढ्या अंतराला सव्वा मीटरची वायर अपुरी पडते. तेव्हा त्यांच्यासाठी दोन मीटरची, दोन पिनांची वायर मागवली आहे, कारण टीपॉय सरकवायला आई तयार नाही.